रविवारचे रातकिडे

मोजणीमामांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय नीट दिसत नसे. दाढ दुखते म्हणून गेले, तर डॉक्टरांनी 'आ करा' म्हणायच्या आधीच यांनी सांगून टाकलं, "एकतीस आहेत. बत्तिसावी आलीच नाही." स्वतःच्या लग्नात उभ्या उभ्या त्यांनी सासरकडची माणसं मोजली होती. येणार म्हणून सांगितली होती एकशे बारा, आली एकशे अठ्ठावीस. हे त्यांनी बायकोला पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात सांगितलं. ती म्हणाली, "मला धरून की सोडून?" त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे त्याच दिवशी ठरून गेलं.

हुद्द्याने ते शेतकी संशोधन केंद्रात क्षेत्र-मदतनीस. काम एकच, रातकिडे मोजायचे. केंद्रातला माळी म्हणायचा, "माणसं मोजायला सरकार दहा वर्षांनी एकदा येतं, आणि इथे किड्यांची रोज हजेरी!" मामा शांतपणे म्हणत, "माणसं दहा वर्षांत फार बदलत नाहीत. रातकिडे आठवड्यात बदलतात."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. केंद्रामागच्या पडीक गवताळ तुकड्यात वर्षातून दोनदा रातकिड्यांची लाट यायची. उन्हाळा सरता सरता एक लहान, आणि पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं की दुसरी, मोठी. मधल्या थंडीत सगळं चिडीचूप. शिवाय हे किडे एका जातीचे असूनही एकसारखे नसत. काहींना लांब पंख, काहींना आखूड. आखूडवाले आयुष्यभर पायी हिंडणारे, लांबवाले उडून दुसरा मुलूख गाठणारे. गवत हिरवं आणि जागा मुबलक असली की आखूडवाले जास्त निपजत. गर्दी झाली, गवत वाळायला लागलं, की लांबवाले वाढत. "घर भरलं की पोरांना पंख फुटतात," एवढंच मामांचं शास्त्र, आणि ते बऱ्यापैकी पुरेसं होतं.

मामा नोकरीला लागले तेही मोजूनच. तेव्हाच्या थोरल्या साहेबांनी मुलाखतीत टेबलावर टाचण्यांची डबी उपडी केली आणि म्हणाले, मोजा. बाकीच्या उमेदवारांनी आकडा सांगितला. मामांनी आकडा सांगून वर विचारलं, "दोन वाकड्या आहेत, त्या धरायच्या का?" साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे नेमून टाकलं.

मोजायची पद्धत थोरल्या साहेबांनीच घालून दिलेली. तुकड्याच्या कडेला एक उंच खांब, त्यावर दिवा, दिव्याला लागून उभे पत्रे, पत्र्यांखाली मोठं नरसाळं आणि नरसाळ्याखाली जाळीची पेटी. दिव्याकडे झेपावलेला किडा पत्र्यावर आपटायचा आणि घसरत पेटीत पडायचा. खांबाला खालपासून वरपर्यंत वंगण चोपडलेलं, म्हणजे चालत कोणी वर येऊ नये. जे पायी फिरतात त्यांच्यासाठी जमिनीत पुरलेले वीस डबे वेगळे. दिव्यात उडणारे आणि डब्यात चालणारे, असा चोख हिशेब.

साहेबांचे नियम दोन. किडा मारायचा नाही, कारण मारून मोजलं तर उद्या मोजायला उरेल काय? मोजून झाले की कुंपणापलीकडे सोडून द्यायचे. आणि किडा उलटापालटा करायचा नाही, पाय निखळतात. वरूनच बघायचं. रातकिड्याचे वरचे पंख गाण्याचे, उडायचे पंख त्यांच्याखाली. ते लांब असतील तर त्यांची टोकं मागे दोन शेपट्यांसारखी बाहेर डोकावतात. शेपटी दिसली, लांब. नाही दिसली, आखूड. इतकं सोपं, की माळ्यालाही जमलं असतं, असं मामा माळ्यालाच सांगत.

अडचण फक्त रविवारची. दिव्याला सुट्टी नव्हती, कार्यालयाला होती. नोंदवही कपाटात, कपाटाची किल्ली कार्यालयात, कार्यालयाला कुलूप. म्हणून रविवारी सकाळी पेटीतले किडे एका मोठ्या डब्यात काढून ठेवायचे आणि सोमवारी दार उघडलं की आधी ते मोजून रविवारच्या तारखेखाली लिहायचे, असं ठरलेलं होतं. मामांनी हे काम पहिले तीन महिने स्वतः केलं. नंतर त्यांना मासेमारीचा नाद लागला. रविवारी उजाडलं की ते गळ घेऊन तळ्यावर. दुपारपर्यंत बसून एखादा मासा मिळायचा, बहुतेकदा तोही नाही. मामी म्हणायच्या, "आठवडाभर मोजून मोजून दमता ना, म्हणून देव तुम्हाला मोजण्याइतके देत नाही." पण पेटी काढायला मात्र त्याच जायच्या. केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या घरातून खांब दिसायचा. पायात चपला सरकवायच्या, पेटी सोडवायची, डब्यात ओतायची, वरून जाळी बांधायची आणि परत येऊन शिवणयंत्रावर बसायचं. हे एकोणीस वर्षं चाललं. वहीत सगळ्याला रकाना होता. वारा, ऊन, पाऊस, चंद्र, सगळ्याला. मामींना नव्हता.

त्या वर्षी केंद्रात नव्या शास्त्रज्ञ बाई आल्या. वयाने मामांच्या मुलीएवढ्या, बोलायला मऊ, आणि कामाला अशा की जुन्या साहेबांनी एकोणीस वर्षांत न काढलेल्या धुळीतून त्यांनी तीन महिन्यांत सगळ्या वह्या बाहेर काढून संगणकात भरवून घेतल्या. मामांना फार बरं वाटलं. आपले किडे पडद्यावर येणार! एका दुपारी बोलावणं आलं. मॅडम म्हणाल्या, "मामा, बसा ना."

त्या खोलीत मामांना आजवर कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"हे बघा," मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "दिव्यात आलेल्या किड्यांपैकी आखूड पंखांचे किती, ते काढलंय. सोमवार, शंभरात एक. मंगळवार, एक. बुधवारी तर एकही नाही. शनिवारपर्यंत असंच. आणि हा रविवार."

पडद्यावरच्या आलेखात रविवारचा खांब शेजारच्यांच्या डोक्यावरून वर गेला होता.

"शंभरात तेहतीस," मॅडम म्हणाल्या. "एका वर्षी नाही. एकोणीस वर्षं. मामा, ज्याला उडता येत नाही तो किडा इतक्या उंच दिव्यापर्यंत पोचतो कसा? आणि तोही फक्त रविवारी?"

"सुट्टी असते म्हणून फिरायला येत असेल," मामा म्हणाले. ते स्वतःच थोडे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"मी आरोप करत नाहीये. पण बारा केंद्रांच्या आकड्यांचा एकत्र अभ्यास होतोय, आणि महिनाअखेर मला लिहून द्यायचंय, आपले आकडे भरवशाचे आहेत की नाहीत. रविवारचे कोणी घरी बसून अंदाजाने भरले असतील, तर बाकीचे सहा दिवस तरी कोण खरे मानेल? सगळी वही बाद होईल." त्या थांबल्या. "रविवारी पेटी कोण काढतं?"

"मीच," मामा म्हणाले.

आयुष्यात टाचणीची वाकडी बाजूसुद्धा न लपवलेला माणूस. पण शब्द निघून गेला होता.

घरी येईपर्यंत मामांच्या डोक्यात एकच विचार घुमत होता. आपण सोमवारी डब्यात जे दिसलं ते प्रामाणिकपणे मोजलं. पण डब्यात काय आलं होतं, हे आपल्याला कुठे माहीत? समजा, एखाद्या रविवारी पेटी सांडली. समजा, ओरडा बसू नये म्हणून तिने अंगणातले चार किडे धरून डब्यात टाकले. अंगणातले म्हणजे चालणारे. चालणारे म्हणजे आखूड! सगळं बरोबर जुळत होतं, आणि जुळत होतं म्हणूनच भीती वाटत होती.

मामी शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत होत्या. मामा खाटेच्या कडेवर बसले.

"काय गं, ती रविवारची पेटी... तशी जडच असते, नाही?"

"नुसती जाळीची पेटी. ती कसली जड?"

"नाही म्हणजे, कधी हातातून निसटते वगैरे..."

"निसटली होती एकदा. तुम्हाला आल्या आल्या सांगितलं. तुम्ही 'नोंद नाही' असं लिहिलंत आणि वर दोन दिवस तोंड पाडून बसलात."

"हो, ती एकदा. पण त्यानंतर कधी... म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून... अंगणातले..."

यंत्र थांबलं. एकोणीस वर्षांत मामी बोलताना यंत्र थांबल्याचं मामांना आठवत नव्हतं.

"सरळ बोला," मामी म्हणाल्या. "मी किडे भरते असं म्हणायचंय?"

"असं कुठे म्हणालो? तसं झालं असेल तर..."

"वा! तळ्यावर गळ टाकून डुलक्या तुम्ही काढायच्या, पहाटे ओल्या गवतातून मी जायचं, आणि चोरटी मीच! एवढे किडे धरून डब्यात भरायला मला दुसरा उद्योग नव्हता? ते धरण्यापेक्षा पेटी नीट काढणं सोपं नाही का?"

हा मुद्दा बिनतोड होता. मामांना तो आधी सुचायला हवा होता. पण बिनतोड मुद्दा घरात उशिरा सुचला की काय होतं, हे ज्याचं लग्न झालंय त्याला सांगायला नको. दोन दिवस मामींनी त्यांच्याशी फक्त संख्येत बोलणं ठेवलं. "पोळ्या किती?" "तीन." "पाणी?" "एक." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनाच राहवलं नाही.

"त्या मॅडमची नेमकी तक्रार तरी काय आहे?"

मामांनी सगळं सांगितलं. पडदा, खांब, शंभरात तेहतीस. 'मीच' म्हणालो तेही सांगितलं, आवाज खाली करून. मामींनी धागा दाताने तोडला.

"पण रविवारी शेपट्या असतात की त्यांना."

"कोणाला?"

"किड्यांना. आणखी कोणाला? मी डब्यात ओतते तेव्हा झाडून सगळ्यांना असतात. सोमवारी तुम्ही डबा न्यायला घेता तेव्हा बघावं तर तिसरा हिस्सा बोडका."

मामा उभे राहिले. "मग शेपट्या जातात कुठे?"

"पोटात. काही जण मागच्या पायाने ओढून पंख स्वतःचे स्वतः काढून टाकतात, आणि शेजारचा ते खाऊन टाकतो. काहींचे तर अंगावर असतानाच कुरतडतात. एवढ्याशा डब्यात दिवसभर कोंबल्यावर दुसरं काय करणार ते?"

"आणि हे तू मला एकोणीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मामींना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं, तज्ज्ञ तुम्ही, तुम्ही नाही का बघितलं असणार? मी कशाला शहाणपण शिकवू!"

चूक अशी एका वाक्यात समोर आली. सोमवार ते शनिवार पेटीतले किडे सातच्या आत मोजले जायचे. रविवारच्यांची मोजणी होईपर्यंत पूर्ण एक दिवस जास्त जायचा, आणि तेवढ्यात त्यांचे पंख गळायचे. मामा वरून बघायचे, शेपटी नाही म्हणजे आखूड, असं लिहायचे. आकडा खरा, रकाना चुकीचा. आणि ज्याने रविवारी पाहिलं त्याने मोजलं नाही, ज्याने मोजलं त्याने रविवारी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा मॅडमच्या खोलीत गेले आणि बसायला सांगायच्या आत उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी एक खोटं बोललो. रविवारी पेटी मी काढत नाही. आमची ही काढते. पहिले तीन महिने सोडून." मग एका दमात बाकीचं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मामा, पंख टाकतात हे मी वाचलंय. काही जाती टाकतात. पण आपले टाकतात का, आणि इतके, आणि एका दिवसात, हे मी नुसतं ऐकून कसं लिहू? तेही..." त्या जरा अडखळल्या.

"तेही खोटं बोललेल्या माणसाचं ऐकून," मामांनी वाक्य पूर्ण केलं.

"माझ्या हातात दोन रविवार आहेत," मॅडम म्हणाल्या. "दाखवा मला."

दाखवायचं म्हणजे किडे हवेत, आणि किड्यांचा पत्ता नव्हता. त्या वर्षी पाऊस लांबला होता. गवत अजून हिरवंगार, आणि मोठी लाट रस्त्यात कुठेतरी अडकलेली. पहिल्या रविवारी गार वारा सुटला. पेटीत पाच किडे निघाले. पाचही शेपटीवाले. डब्यात ठेवले. सोमवारी मॅडमसमोर उघडले. पाच. पाचही शेपटीवाले. ऐसपैस जागेत पाच पाहुण्यांसारखे पाच कोपऱ्यांत बसले होते. मॅडमनी तेवढं टिपून घेतलं. माळी म्हणाला, "मामा, यांचं भांडण लावून द्यायला हवं होतं."

तो आठवडा मामांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दिव्यात मंगळवारी चार, बुधवारी सात, गुरुवारी सहा. त्यांना झोपेतही आकडे दिसत, आणि सगळे एक अंकी. वही बाद होणार म्हणजे काय होणार, हे ते कोणाला सांगू शकत नव्हते. नोकरी जाणार नव्हती. कोणी रागावणारही नव्हतं. फक्त, रोज सकाळी सातच्या आत आपण जे केलं, तापात केलं, आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी केलं, ते एका ओळीने 'न केल्यासारखं' होणार होतं. मामी रात्रीच्या जेवणानंतर म्हणाल्या, "एवढं काय घेऊन बसलाय? मोजलेत ते मोजलेत." मामा म्हणाले, "ते तुला आणि मला माहीत." मामी म्हणाल्या, "मग दोघं झाले की. तुम्हाला किती हवेत?" आणि तरी पहाटे त्याही खिडकीतून खांबाकडे बघत होत्या.

शुक्रवारी पुरलेल्या डब्यांत फरक दिसला. पाच-सहाच्या जागी एकेका डब्यात बारा-पंधरा किडे. अर्धवट वाढलेले, एकमेकांच्या अंगावर चढणारे, आणि पाठीवरच्या पंखांच्या कळ्या चांगल्या टपोऱ्या. खालचं गवतही दोन दिवसांच्या उन्हाने पिवळं पडू लागलं होतं. मामा तिथेच उकिडवे बसून राहिले. "घर भरलंय," ते स्वतःशी म्हणाले. "आता थांबत नाहीत." शनिवारी संध्याकाळी वारा पडला, हवा कोंदट झाली. मामांनी दिवा लावताना काच तीनदा पुसली.

रविवारी सकाळी साडेसहाला खांबाखाली तिघं उभे होते. मामा तळ्यावर गेले नव्हते. मॅडम पायात मोठे बूट घालून आल्या होत्या. पेटी मात्र मामींनीच सोडवली, "हात लावू नका, माझ्या हाताला सवय आहे," म्हणत. पेटीतून खरडल्यासारखा आवाज येत होता. मामांनी जाळीतून आत पाहिलं. काळेभोर, चकचकीत, एकावर एक, पेटी जणू आतून हलत होती.

तिघांनी वेगवेगळं मोजायचं ठरलं. मामा चौऱ्याहत्तर. मामी चौऱ्याहत्तर. मॅडम त्र्याहत्तर.

"पुन्हा मोजा," मामी म्हणाल्या. "जाळीच्या दुमडीत एक बसलाय. नेहमी एक तिथेच बसतो."

मॅडमनी पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर. त्यापैकी शेपटीवाले बहात्तर, बिनशेपटीचे दोन. मोठ्या डब्यात ओतले, जाळी बांधली, जाळीवर कागद चिकटवून मॅडमनी त्यावर आडवी सही केली आणि डबा आपल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. "तुमच्यावर अविश्वास नाही," त्या म्हणाल्या. "ठेवा की," मामी म्हणाल्या. "कुलुपाने किड्यांना काय फरक पडतो?"

फरक मामांना पडला. पूर्ण रविवार त्यांना करायला काही उरलं नाही. दुपारी ते गणवेशांची बटणं मोजत बसले, आणि मामींनी त्यांना मोजू दिलं.

सोमवारी कार्यालय उघडलं तेव्हा तिघंही हजर होती. सही जशीच्या तशी. मॅडमनी कागद फाडला, जाळी सोडली आणि डबा खिडकीपाशी उजेडात आणला. मामा मोजायला लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोनदा मोजले.

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "शेपटीवाले सत्तेचाळीस."

म्हणजे बोडके सत्तावीस. काल दोन होते.

डब्याच्या कडेला एक किडा निवांत बसून काहीतरी चघळत होता. तोंडाबाहेर एक पातळ, चमकणारं टोक लोंबत होतं, आणि ते हळूहळू आत जात होतं. मॅडमनी एक बोडकी मादी कुंचल्याने अलगद अडवली, वरचे पंख जरासे उचलले, आणि भिंग धरलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग मामांच्या हातात दिलं. पंखांच्या जागी दोन तुटके खुंट होते, फाटलेल्या कागदाच्या कडेसारखे. जन्मतः आखूड पंखाचा किडा असा दिसत नाही, त्याचा छोटा पंख पूर्ण असतो, घडी घातलेला.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "मामा, मला आठ दिवस झोप नाही," त्या म्हणाल्या. "मला ती वही बाद करायची नव्हती हो. एकोणीस वर्षांची दुसरी वही नाही कुठे."

मामांनी भिंग मामींकडे दिलं. मामींनी एक डोळा मिटून पाहिलं.

"पण स्वतःहून का काढून टाकतात?" त्यांनी विचारलं. "कुरतडतात ते समजलं. स्वतःचे का?"

"उडून झालं की उडायच्या पंखांचा उपयोग संपतो," मॅडम सांगू लागल्या. "ते पोसायला अंगातली बरीच ताकद जाते. लांब पंखाची मादी उडते तोवर अंडी फार घालत नाही. एकदा नव्या जागी उतरली, पंख टाकले, की ती ताकद अंड्यांकडे वळते. मग तिथेच संसार."

"असं होय," मामी म्हणाल्या. "म्हणजे माझंच झालं की. फक्त माझे ज्यांनी खाल्ले ते इथे समोर उभे आहेत."

मॅडम आधी दचकल्या आणि मग इतक्या जोरात हसल्या की बाहेरून माळी डोकावला. मामाही हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले.

पत्र मॅडमनी त्याच टेबलावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. एकूण संख्या सर्व दिवसांच्या ग्राह्य. रविवारच्या पंखांच्या नोंदी लांब-आखूड असा भेद न करता एकत्र धराव्यात, कारण सोबत जोडलं आहे. सोमवार ते शनिवारच्या नोंदीत बदल नाही. वाचता वाचता त्या थांबल्या. "इथे रीत लिहावी लागेल. रविवारी पेटी कोण काढतं?"

मामांनी या वेळी विचार करायला क्षणही घेतला नाही. "आमची ही. एकोणीस वर्षं. नऊशे पंच्याहत्तर रविवार. त्यातला एक सांडला."

"झालं!" मामी म्हणाल्या. "सरकारी कागदावर सांडलेलाच तेवढा आला पाहिजे."

पण मॅडमनी तो लिहिला. नऊशे चौऱ्याहत्तर पूर्ण, एक सांडला. आकडा असा असला की खरा वाटतो, असं त्या म्हणाल्या, आणि मामांना ते अगदी पटलं.

डबा घेऊन दोघं कुंपणापाशी गेली. ऊन चढलं होतं. मामांनी डबा आडवा केला. बोडके किडे सरळ गवतात घुसले, जणू घर तिथेच होतं. शेपटीवाले थोडे रेंगाळले. मामा त्यांच्याकडे बघत बघत तिथेच बांधावर खाली बसले. बरेच दिवस डोक्यावर घेतलेलं गाठोडं खाली ठेवल्यावर मान हलकी होते, तसं त्यांना वाटत होतं.

"उठा," मामी म्हणाल्या. "आजची पेटी मोजायची राहिलीय. सात केव्हाच वाजून गेले."

"आज लिहीन त्यात," मामा म्हणाले. "उशीर झाला, कारण बसलो होतो."

मामींनी इकडे तिकडे पाहिलं. शिवणाचं काम पडलं होतं, गणवेश उद्या द्यायचे होते. मग त्याही पदर सावरून बांधावर बसल्या.

"दोघं बसलो होतो, असं लिहा," त्या म्हणाल्या.